पस्तिसाव्या फेरीनंतरची रेघ

दचकू नका, बोलणारा मीच. कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या टॉवेलखाली झाकून ठेवलंय ना, ते करडं यंत्र. दिसायला घरातल्या मायक्रोवेव्हएवढा, पण उचलायला दोन माणसं लागतात. माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'सोमवारी हलवणे. त्याआधी सगळी नोंद पुसणे.' पुसायला तीन मिनिटं लागतात म्हणे. आज शनिवार. म्हणून जरा घाईत बोलतोय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या पोटात शहाण्णव खळगे आहेत. प्रत्येकात एक इवलीशी नळी बसते. त्या नळीत कोणाच्या तरी नाकातला किंवा रक्तातला अंश असतो. मी तो तापवतो, गार करतो, पुन्हा तापवतो. अशा चाळीस फेऱ्या. शोधतोय तो रोग नळीत असेल तर दर फेरीला त्याची खूण दुप्पट होते आणि नळी हळूहळू उजळते. तो उजेड मी पडद्यावर रेघ काढून दाखवतो. रोग भरपूर असेल तर रेघ विसाव्या फेरीलाच ताडकन उठते. थोडा असेल तर उशिरा उठते. नसेल तर शेवटपर्यंत आडवी पडून राहते. रेघ काढायची एवढंच माझ्या हातात. आहे की नाही, हे माणसं ठरवतात, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे.

खरं तर मी माणसांसाठी आलोच नव्हतो. गुरांच्या दवाखान्यामागे ही तीन खोल्यांची प्रयोगशाळा, तिथे गाईंचे रोग शोधायला मला आणलं. मागच्या खिडकीतून शेणाचा वास यायचा आणि मधूनच एखादं वासरू हंबरायचं. मला वाटायचं, चला, आयुष्य असंच निवांत जाणार.

माझ्यावर काम करायचे ते थेंबेबुवा. खरं नाव वेगळं, पण तीस वर्षं थेंब मोजण्यात गेली म्हणून सगळे तेच म्हणायचे. बारीक अंगाचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं अखंड चालू. माझ्याशीसुद्धा. "काय राव, आज तापायला एवढा वेळ? म्हातारे झालात का?" असं म्हणून माझ्या झाकणावर टपली मारायचे. त्यांच्या वरच्या अधिकारी म्हणजे मॅडम, गुरांच्या डॉक्टर. आवाज असा की पलीकडच्या गोठ्यातला बैलही उभा राहावा.

बुवांची एक पद्धत होती. गोठ्यात चाळीस गाई असल्या तर चाळीस नळ्या लावत बसायचं नाही. दहा-दहा गाईंचं रक्त एकत्र करायचं, चार नळ्या लावायच्या. जी रेघ उठेल तेवढ्याच दहा गाई मग एकेकट्या तपासायच्या. एखादी निसटली तरी बिघडत नसे, पुढच्या महिन्यात सापडायची. गोठा काही पळून जात नव्हता.

आणि मग साथ आली.

आधी नुसत्या बातम्या होत्या. मग रस्ते रिकामे झाले. मागच्या खिडकीतून पूर्वी गाड्यांचे आवाज यायचे, आता फक्त रुग्णवाहिका. शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी हात टेकले, आणि हुकूम निघाला की गुरांची असोत, बियाण्यांची असोत, असतील ती सगळी यंत्रं माणसांसाठी लावा. मॅडम म्हणाल्या, "आयुष्यभर रेड्यांना सुया टोचल्या, आता माणसांच्या रिपोर्टवर सह्या करायच्या. बुवा, चुकलं तर रेडा लाथ मारतो. माणसं काय करतील हो?"

पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात बर्फाचे डबे भिंतीला लावून रचले गेले. डब्यांत शेकडो नळ्या, प्रत्येकीवर नाव. रिपोर्टला सहा-सहा दिवस लागायचे. पुष्कळदा रिपोर्ट तयार व्हायचा तेव्हा माणूस उरलेला नसायचा. मॅडम यादीवर बोट ठेवून नाव वाचायच्या आणि बुवा हळूच म्हणायचे, "काल गेले ते." मी आयुष्यात इतकं तापलो-निवलो नव्हतो, तरी आमचं काम नुसतं मागून धावत जायचं.

पण खोटं कशाला बोलू, त्याच दिवसांत मी माणसांची हुशारीही पाहिली. नमुना शुद्ध करायची औषधं संपली. बाहेरून माल येईना. बुवांनी पाण्याचं भांडं उकळत ठेवलं, नळ्या थेट त्यात बुडवून तापवल्या आणि शुद्ध न करताच माझ्या पोटात घातल्या. तीन दिवस जुन्या रीतीने आणि नव्या रीतीने शेजारी शेजारी लावून पडताळलं. जुळलं! मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या. एरवी ज्या बदलासाठी पाच वर्षं कागद फिरले असते, तो एका आठवड्यात झाला.

दुसरी युक्ती सुचली तीही बुवांनाच. "मॅडम, गोठ्यासारखं करूया. पाच-पाच माणसं एकत्र."

"माणसं म्हणजे गुरं नव्हेत, बुवा."

"नाहीत ना. पण हिशोब तोच. पाच जणांची एक नळी. रेघ उठली तर पाचही पुन्हा तपासू. नाही उठली तर पाच जण एका दमात मोकळे."

मॅडमनी दोन दिवस घेतले, मग हो म्हणाल्या. व्हरांड्यातले डबे आठ दिवसांत निम्मे झाले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळू लागला. दुसऱ्या गावांतून फोन यायचे, "तुम्ही कसं करता, आम्हाला सांगा." बुवा छाती फुगवून सांगायचे. मीही फुगलो होतो, नाही कशाला म्हणू.

बुवांची आई वृद्धाश्रमात होती. वय शहाऐंशी, जीभ एखाद्या सुरीसारखी, पण आज सकाळी काय झालं ते संध्याकाळी आठवायचं नाही. आश्रमात बासष्ट म्हातारी माणसं आणि वीस सेवक. भेटायला येणाऱ्यांना दार बंद होतं. रोग आत जायचा तर एकाच वाटेने, सेवकांच्या अंगातून. म्हणून त्या विसांचे नमुने दर तिसऱ्या दिवशी आमच्याकडे यायचे. माझ्या पडद्यावर सगळ्या रेघा आडव्या आल्या की आश्रमाचं फाटक उघडायचं. बुवांच्या आईचा जीव माझ्या त्या आडव्या रेघांवर टांगलेला होता, आणि बुवांना हे चांगलं ठाऊक होतं.

आश्रमातली एक सेविका आईचं सगळं बघायची. दोघी बहिणी तिथे कामाला, ही लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. बुवांच्या हातात कायम हातमोजे, त्यामुळे ते फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आवाज मोठा करून माझ्या झाकणावर ठेवायचे. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"दादा, आई आज जेवत नाहीयेत."

"दे बघू फोन तिला. आई, जेव की गं."

"कोण बोलतंय?"

"मी, तुझा मुलगा."

"मुलगा असतास तर आला असतास!" असं म्हणून म्हातारी फोन धाकटीच्या हातात कोंबायची. बुवा हसायचे, आणि मग बराच वेळ नळ्यांवर नावं लिहीत बसायचे.

आता ती पहिली चूक सांगतो, कारण दुसरी तिच्यातूनच निघाली. एका सकाळी आश्रमाच्या दोन नळ्यांत रेघ उठली. अगदी उशिरा, अडतिसाव्या फेरीला. बुवांनी लगेच आश्रमाला कळवलं आणि त्या दोन नळ्यांतले दहा सेवक घरी पाठवले गेले. एकेकट्या तपासणीला दोन दिवस लागले, कारण औषधं पुरत नव्हती. ते दोन दिवस दहा माणसांनी बासष्ट जणांचं खाणंपिणं, धुणंपुसणं केलं. कोणाचं लक्ष नसताना एक आजोबा मोरीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या दुखण्यातून उठलेच नाहीत. तपासणीत दहाही जण स्वच्छ निघाले. रेघ बुवांच्याच टेबलावरच्या घाणीची होती. आदल्या दिवशीच्या एका नमुन्याचा अंश कुठेतरी उडाला असणार.

आजोबांच्या मुलीने फोन करून बुवांना नको नको ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पडद्यावर लाल उभी खूण आखली. पस्तिसाव्या फेरीनंतर उठलेली रेघ म्हणजे कचरा. मोजायची नाही. मॅडमनी तशा नियमाच्या कागदावर सही केली. तसं पाहिलं तर नियम वेडगळ नव्हता. पुष्कळ ठिकाणी तसंच करत होते.

पण नमुने वाढतच गेले. दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी. व्हरांडा पुन्हा भरला. बुवा म्हणाले, "मॅडम, आता पाचाचे दहा करू."

"दहा जरा जास्त होत नाहीत का?"

"गोठ्याला दहाच तर घ्यायचो."

मला ओरडावंसं वाटलं. अहो, एकाचा थेंब नऊ जणांच्या थेंबांत मिसळला की तो पातळ होतो! एकट्याची रेघ तेहतिसाला उठणार असेल तर दहांत ती सदतिसाला उठेल. आणि पस्तिसावर तुम्ही लाल खूण मारून ठेवली आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे होते. एकत्र आले तिथे एका माणसाला निसटून जायला फट पडली. बुवांच्या हे लक्षात यायला हवं होतं. तीस वर्षांचा माणूस. पण घाईत होते, झोप नव्हती, आणि गोठ्यात असं कधी बिघडलं नव्हतं.

तो गुरुवार. आश्रमाच्या दोन नळ्या, दहा-दहा जणांच्या. पहिली रेघ शेवटपर्यंत आडवी. दुसरीही आडवीच होती, छत्तिसाव्या फेरीपर्यंत. सदतिसाव्याला ती उठली. फार नाही. झोपलेल्या माणसाने मान उचलावी एवढीच. पण घाणीची रेघ वेडीवाकडी असते, ही गुळगुळीत वळण घेऊन वर येत होती. मला फरक कळतो हो. मी हजारो पाहिल्यात.

बुवांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वाकून पाहिलं. त्यांनी पाहिली, हे मी शपथेवर सांगतो.

मॅडम दारातून म्हणाल्या, "ती शेवटची कसली?"

"सदतीस. कचरा."

"नक्की?"

"परत दहा जणांना घरी बसवू? परत कोणीतरी मोरीत पडू दे?"

इतक्यात माझ्या डोक्यावर फोन वाजला. धाकटी होती. "दादा, झाला का रिपोर्ट? आम्ही फाटकाशी उभ्या आहोत. आतल्या बाया कालपासून उभ्यानेच काम करतायत. आणि आईंनी माझ्याशिवाय औषध घेतलं नसणार, मला ठाऊक आहे."

बुवांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. "झाला. सगळे चांगले. जा आत." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "धाकटे, आज आईजवळ जरा जास्त बस गं. काल फार एकटं वाटतंय म्हणत होती."

"बसते की. हे काय सांगायला हवं?"

त्यानंतरचे दोन दिवस काही झालं नाही. खरं सांगू, तेच दिवस मला सर्वांत वाईट गेले. तिसऱ्या दिवशीच्या नमुन्यांत आश्रमाच्या नळीची रेघ बाविसाव्या फेरीलाच उठली, ताठ. त्यानंतर आश्रमातून म्हाताऱ्यांचेच नमुने यायला लागले. बुवांच्या आईची नळी आली तेव्हा बुवांनी ती दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा एक थेंब टेबलावर पडला. रेघ अठराव्या फेरीला उठली. ते पडद्यासमोरून हललेच नाहीत.

फोनवर म्हातारीला धाप लागलेली ऐकू यायची. शेवटच्या फोनवर तिने मुलाला ओळखलं. "आलास का रे?" म्हणाली. बुवा म्हणाले, "आलो, आई." ते माझ्या टेबलाशी उभे होते, हातमोजे घालून. तीन आठवड्यांत आश्रमातली अकरा माणसं गेली. त्यांत बुवांची आई चौथी.

बुवा चौथ्या दिवशी कामावर आले. फ्रीजरमधून त्या गुरुवारच्या दहा नळ्या काढल्या. मूळ नमुने महिनाभर ठेवायची आमच्याकडे रीत आहे. दहाही एकेकट्या लावल्या. माझ्या चाळीस फेऱ्या होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. नऊ रेघा आडव्या. सातवी नळी तेहतिसाला उठली. एकटी तपासली असती तर त्या दिवशीच सापडली असती. नळीवरचं नाव बुवांनीच लिहिलेलं. धाकटीचं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "सही माझी होती, बुवा."

"रेघ मी पाहिली होती."

"तिला सांगणार?"

"तिला कशाला? पोरगी जळून जाईल. स्वतः तापात पडली होती, तरी आईच्या उशाशी बसून होती."

मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर, असं मीही मनात म्हणालो. आम्ही दोघंही चुकलो.

बुवांनी नवा नियम लिहिला. एकत्र नळीत पाचाहून जास्त माणसं नकोत, आणि रेघ कितीही उशिरा उठली तरी त्या सगळ्यांना एकेकटं तपासल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. हा कागद पुष्कळ प्रयोगशाळांत, दवाखान्यांत, आश्रमांत गेला. किती जण त्याने वाचले असतील देव जाणे. कागदावर कारण लिहिलेलं नाही.

वर्ष गेलं. साथ ओसरली. माझ्या जागी आता पुस्तकाएवढी एक पांढरी डबी आली आहे. पंधरा मिनिटांत हिरवा दिवा नाहीतर लाल दिवा. आत रेघ असते म्हणे, पण दाखवत नाहीत, लोकांचा गोंधळ होतो म्हणून. गेल्या आठवड्यात कोंबड्यांच्या शेडवर काम करणारे सतरा जण खोकत आले. सतराही हिरवे. बुवांनी डबी उलटीपालटी करून पाहिली. "हिरवा, पण किती हिरवा?" असं त्यांनी विचारलं. नव्या तंत्रज्ञ बाई हसल्या. सतराही जण घरी गेले. त्यातले दोघे काल आणखीच खोकत परत आलेत, आणि मॅडमनी आज सकाळपासून खोलीचं दार लावून घेतलंय.

पण सांगायचं आहे ते कालच्या फोनचं. दुपारी धाकटीचा फोन आला, बुवांनी सवयीने तो माझ्याच झाकणावर ठेवला. आश्रमात नव्या सेविका आल्यात, त्यांना शिकवायचं काम हिच्याकडे. भिंतीवर लावलेला नियमाचा कागद त्यांना वाचून दाखवत होती.

"दादा, एक विचारू? हे 'रेघ कितीही उशिरा उठली तरी' असं लिहिलंय, ते कशावरून लिहिलं?"

बुवांनी चष्मा काढला.

"तारीख बघितली मी. आई गेल्या त्यानंतर आठवड्याची आहे. दादा, त्या गुरुवारी माझी रेघ उशिरा उठली होती का?"

मला वाटलं, आता बुवा नाही म्हणतील. एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं.

"उठली होती, धाकटे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुझी आहे हे नंतर कळलं. पण रेघ मी त्याच दिवशी पाहिली होती. तुझा फोन आला तेव्हा समोरच होती."

मग ती म्हणाली, "समोर होती, आणि मला आत जा म्हणालात. वर म्हणालात, आईजवळ जास्त बस."

"हो."

"दादा, त्या अकरा जणांची नावं मी रोज घोकते. मला पहिल्यापासून वाटत होतं, हे माझ्यामुळेच झालं. ताई म्हणते, तुझा रिपोर्ट चांगला होता, खुळ्यासारखं करू नकोस. मी स्वतःला वेडी समजायला लागले होते. वर्षभर! आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," बुवा म्हणाले. "चुकलं माझं. दोनदा चुकलं."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "मला ती रेघ बघायचीय. उद्या सकाळी येते. पुसू नका."

'उद्या' म्हणजे आज. बुवा सकाळी लवकर आले, माझ्यावरचा टॉवेल काढला, वायर जोडली, पडदा फडक्याने पुसला. मग टॉवेल परत टाकला, जणू मला थंडी वाजत होती. आता स्टुलावर बसलेत, चष्मा हातात. आज झाकणावर टपलीसुद्धा मारली नाही.

जन्मभर मी कुरकुरत आलो की माणसं माझी रेघ नीट बघत नाहीत. आज एक बाई फक्त तेवढ्यासाठी येते आहे, आणि माझी हिंमत होत नाही. अहो, तुमच्यापैकी कोणाच्या हातात असेल तर दहा मिनिटं वीज घालवा. नाहीतर नको. राहू द्या. तिचा हक्क आहे.

फाटक वाजलं. बुवा उभे राहिलेत. चपलांचा आवाज व्हरांड्यातून येतोय, एकीचा नाही, दोघींचा. बहिणीलाही घेऊन आलेली दिसते. येतो मी. त्यांनी टॉवेल काढलाय.